बँका वाचवायला सरकारनं घातलेले पैसे परत आले का? मोबाईलवरच हिशेब करून बघूया

६ मार्च २०२०, शुक्रवार. मी लोणेरेला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सोमवारी होळी, म्हणून शिमग्याला पोलादपूरला घरी निघालो. महाड एसटी स्टँडवर उतरलो, वडापाव आणि चहा घेतला आणि फोनपे उघडलं. पेमेंट फेल. परत केलं, परत फेल. खिशात रोख तीस रुपये, बँकेत साडेचार हजार. टपरीवाल्या काकांनी "जाऊ दे रे, येताना दे" म्हणून सोडलं, पण पुढचं तिकीट काढताना हिशेब जुळवायला घाम फुटला.

तेव्हा वाटलं नेटवर्क गेलंय. खरं कारण वेगळं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले होते. खातेदाराला महिन्याभरात जास्तीत जास्त ५०,००० रुपये काढता येणार होते. माझं येस बँकेत खातंच नव्हतं, तरी माझं पेमेंट अडकलं. का? फोनपे ही बँक नाही. यूपीआयच्या जाळ्यात शिरायला ॲपला एखाद्या बँकेचं दार लागतं, आणि फोनपेचं तेव्हाचं एकमेव दार येस बँक होती. तुमच्या फोनपे आयडीच्या शेवटी 'वायबीएल' अशी अक्षरं दिसत असतील, तर ती येस बँकेचीच आहेत. पैसे आपल्या घरात सुरक्षित होते, पण बाहेर पडायचा रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून होता आणि शेजाऱ्याला टाळं लागलं. साधारण चोवीस तासांत फोनपेने दुसरी सोय केली. आज बहुतेक मोठी ॲप एकापेक्षा जास्त बँका जोडून ठेवतात, त्याला त्या रात्रीचा अनुभवही कारणीभूत आहे.

पण आजचा विषय त्यानंतरचा आहे. येस बँक बुडाली नाही, ती वाचवली गेली. सरकारी बँकांनाही त्या काळात लाखो कोटी देऊन वाचवलं गेलं. त्याचं पुढे काय झालं? ते पैसे परत आले का? बातम्यांमध्ये दर जूनमध्ये एक फोटो येतो: बँकेचे अधिकारी अर्थमंत्र्यांना लाभांशाचा चेक देत आहेत. फोटो बघून वाटतं, वा, वसूल झाले! खरंच झाले का ते बघायला फार मोठं अर्थशास्त्र लागत नाही. गुगल शीट्स किंवा साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी सोपं उदाहरण: येस बँक

मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार स्टेट बँकेने येस बँकेत ६,०५० कोटी रुपये घातले. भाव होता शेअरला १० रुपये. त्याच वर्षी जुलैमध्ये १२ रुपये भावाने अजून १,७६० कोटी घातले. स्टेट बँक म्हणजे सरकार नव्हे, हे मान्य. पण तिची निम्म्याहून जास्त मालकी सरकारची, आणि हे काम ती स्वतःच्या हौसेने करत नव्हती हे उघड होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये स्टेट बँकेने त्यातला १३ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला विकला. भाव २१ रुपये ५० पैसे, मिळाले ८,८८९ कोटी. म्हणजे घातले एकूण ७,८१० कोटी, त्याच्यापेक्षा जास्त परत आले, आणि दहा टक्क्यांहून जास्त हिस्सा अजून हातात आहे. टीव्हीवर याला 'दुप्पट' म्हणाले.

आता आपण इंजिनिअरसारखं बघू. १० चे २१.५० व्हायला साडेपाच वर्षं लागली. म्हणजे वर्षाला साधारण १५ टक्के. एफडीपेक्षा कितीतरी भारी. पण ज्या दिवशी सरकारने ती योजना जाहीर केली, त्या १३ मार्च २०२० ला सेन्सेक्स सुमारे ३४ हजार होता. स्टेट बँकेने शेअर विकले तेव्हा तो ८२ हजारांच्या वर होता. म्हणजे सगळा बाजार या काळात २.४ पट झाला आणि येस बँकेचे पैसे २.१५ पट. डोळे मिटून इंडेक्स फंडात टाकले असते तरी जास्त मिळाले असते. 'नफा झाला' हे वाक्य खरं असतं, पण अर्धं असतं. कशाच्या तुलनेत नफा, हा दुसरा अर्धा भाग.

शिवाय या वाचवण्यात काहींचे पैसे पूर्ण गेले. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे 'एटी-वन' नावाचे बाँड शून्य करण्यात आले. त्यात सामान्य गुंतवणूकदारही होते, ज्यांना ते एफडीसारखे वाटले होते. ती कोर्टातली लढाई वेगळी, तिच्यात शिरत नाही.

सरकारी बँकांचा हिशेब इतका सोपा का नाही

इथे मामाला मध्ये आणतो. मामाचं महाडच्या बाजारपेठेत छोटं हार्डवेअरचं दुकान आहे. समजा त्याच्याकडे भांडवल संपलं आणि मी म्हणालो, "मामा, मी तुझ्या दुकानात एक लाख घालतो, मला भागीदार कर." पण माझ्याकडे एक लाख नाहीत. म्हणून मी मामाकडूनच एक लाख उसने घेतो (त्याच्याकडे गिऱ्हाइकांनी ठेवायला दिलेले पैसे आहेत), त्याला चिठ्ठी लिहून देतो की दहा-पंधरा वर्षांनी परत करीन, दरसाल साडेसात टक्के व्याज देईन. आणि तेच एक लाख लगेच भांडवल म्हणून त्याच्या गल्ल्यात टाकतो. नोटा जागच्या हलल्याही नाहीत. पण मामाच्या वहीत आता एक लाखाचं भांडवल आहे, माझी एक लाखाची चिठ्ठी आहे, आणि मी भागीदार आहे.

अगदी हेच सरकारनं केलं. याला 'रिकॅपिटलायझेशन बाँड' म्हणतात. बँकांनी आपल्याकडच्या ठेवींतून सरकारचे बाँड घेतले, सरकारनं तेच पैसे भांडवल म्हणून बँकेत घातले. ऑक्टोबर २०१७ मध्ये २ लाख ११ हजार कोटींची योजना जाहीर झाली. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत मिळून सरकारी बँकांमध्ये सुमारे ३ लाख ११ हजार कोटी गेले. त्यातले २ लाख ७६ हजार कोटी या बाँडमधून आले, बजेटमधून थेट फक्त ३५ हजार कोटींच्या आसपास.

काहीजण म्हणतात, मग हे नुसतं कागदावरचं झालं, लोकांचा पैसा गेलाच कुठे? गेला की. व्याजातून. चिठ्ठीवरचं साडेसात टक्के दरवर्षी सरकारी तिजोरीतून जातं, आणि मुदत संपली की मुद्दलही द्यायचंच आहे. जानेवारी २०१८ चे बाँड २०२८ पासून एकेक करून फिटायला लागतील. म्हणून लाभांशाचा चेक बघताना पहिला प्रश्न हा: तो वर्षाच्या व्याजापेक्षा मोठा आहे का?

दोन बँका, दोन उत्तरं

आपल्याकडे महाड-पोलादपुरात 'बँक' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर दोनच नावं येतात: बँक ऑफ महाराष्ट्र आणि बँक ऑफ इंडिया. दुसरी तर रायगड जिल्ह्याची अग्रणी बँक. दोन्ही २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या 'पीसीए' नावाच्या अतिदक्षता विभागात होत्या. तिथे गेलेल्या बँकेला मोठी कर्जं द्यायला, नव्या शाखा उघडायला मर्यादा येतात.

बँक ऑफ महाराष्ट्र आधी. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत. २०१८-१९ या एका वर्षात तिचा तोटा ४,७८४ कोटी होता. सरकारनं तिला दिलेल्या हप्त्यांपैकी तीन असे: २०१७-१८ साठी ३,१७३ कोटी, डिसेंबर २०१८ मध्ये ४,४९८ कोटी, फेब्रुवारी २०१९ मध्ये २०५ कोटी. बेरीज ७,८७६ कोटी. साडेसात टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ५९० कोटी.

आता दुसरी बाजू. बँक २०१९-२० पासून नफ्यात आली आणि २०२४-२५ मध्ये नफा ५,५२० कोटींवर गेला. सरकारकडे तिचे सुमारे ६१२ कोटी शेअर होते. २०२२-२३ चा लाभांश शेअरला १ रुपया ३० पैसे, पुढच्या वर्षी १.४०, त्याच्या पुढच्या वर्षी १.५०. गुणाकार तुम्हीच करा: ७९६, ८५७ आणि ९१८ कोटी. तिन्ही वर्षी व्याजापेक्षा जास्त! डिसेंबर २०२५ मध्ये सरकारनं ६ टक्के हिस्सा ५४ रुपये किमान भावाने बाजारात विकायला काढला, म्हणजे सुमारे अडीच हजार कोटी. त्यानंतरही जवळजवळ तीन चतुर्थांश मालकी सरकारकडे उरते, आणि ५४ च्या भावाने तिची किंमत तीस हजार कोटींच्या वर जाते.

(प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या ६१२ कोटी शेअरमध्ये २०१७ आधीचे जुनेही आहेत. त्यामुळे 'सात हजारांचे तीस हजार झाले' असं व्हॉट्सॲप फॉरवर्ड आलं तर तसंच पुढे ढकलू नका. तरी जुने वजा केले तरी हा सौदा फायद्याचाच दिसतो.)

एक गोष्ट मात्र विसरू नका. २०२० मध्ये हाच शेअर दहा रुपयांच्या आसपास पडून होता. तेव्हा हा लेख लिहिला असता, तर मी बहुतेक 'पैसे पाण्यात' असं शीर्षक दिलं असतं आणि ते खोटं ठरलं असतं.

आता बँक ऑफ इंडिया. हिला जास्त खड्डा होता. ९,२३२ कोटी, १०,०८६ कोटी, ४,६३८ कोटी, आणि मार्च २०२१ मध्ये ३,००० कोटी. शेवटचे तीन हजार बिनव्याजी बाँडमधून, म्हणून ते बाजूला ठेवू. उरलेल्या २३,९५६ कोटींवर वर्षाचं व्याज साधारण १,८०० कोटी. आणि सरकारला मिळालेला लाभांश? २०२२-२३ साठी ६६८ कोटी, मग ९३५ कोटी, मग १,३५३ कोटी. चढता आहे, कौतुक आहे, पण एकाही वर्षी व्याजाला पुरलेला नाही. सरकारकडे तिचे सुमारे ३३४ कोटी शेअर आहेत. भाव १२० रुपये धरला तर चाळीस हजार कोटी होतात. घातलेले सुमारे २७ हजार आणि आतापर्यंतचं व्याज मिळवलं तर हिशेब कसाबसा बरोबरीला येतो. शीट्समध्ये आजचा भाव टाकून बघा, उत्तर रोज बदलेल.

दोन्ही बँकांच्या चेकचे फोटो मात्र सारखेच दिसतात.

सगळ्या सरकारी बँका एकत्र घेतल्या तर? २०२४-२५ साठी सरकारच्या वाट्याला सुमारे २२,७०० कोटी लाभांश आला. बिनव्याजी बाँड वगळून उरलेल्यांवर सव्वासात-साडेसात टक्के धरलं तर व्याज १८ ते १९ हजार कोटी होतं. म्हणजे जमलं की! पण थांबा. त्या लाभांशातले ८,०७७ कोटी एकट्या स्टेट बँकेचे आहेत, आणि या बाँडच्या पैशात स्टेट बँकेचा वाटा तसा किरकोळ. ती बाजूला काढली तर उरतात साडेचौदा हजार कोटी. एकत्र कुटुंबात एक भाऊ कमावतो आणि जेवणाचं बिल सगळ्यांनी मिळून भरलं असं सांगायचं, त्यातला प्रकार.

बाहेर काय झालं

अमेरिकेने २००८ च्या संकटात बँकांमध्ये सुमारे २४५ अब्ज डॉलर घातले आणि २७५ अब्जांच्या आसपास परत मिळवले. तिथे सरकारने शेअरसोबत 'वॉरंट'ही घेतले होते, म्हणजे पुढे भाव वाढला तर ठरलेल्या जुन्या भावाने शेअर घ्यायचा हक्क. ब्रिटनने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये साडेपंचेचाळीस अब्ज पौंड घातले आणि शेवटचा शेअर विकायला मे २०२५ उजाडलं. हातात आले पस्तीस अब्ज. सतरा वर्षं थांबून दहा अब्ज पौंडांचा खड्डा. तिथलं सरकार म्हणालं, नफा मिळवायला नव्हे, देशाची बँकिंग व्यवस्था कोसळू नये म्हणून घातले होते.

हा मुद्दा टाकून देण्यासारखा नाही. बँक ऑफ महाराष्ट्र २०१८ मध्ये बंद पडली असती तर माझ्या आईच्या पासबुकातल्या पैशांचं काय झालं असतं? पोलादपूरच्या बाजाराला किती दिवस टाळं लागलं असतं? हा फायदा कुठल्याच शीटमध्ये येत नाही. पण त्याची उलटी बाजूही शीटमध्ये येत नाही. हा खड्डा पाडला कोणी? मोठमोठ्या कंपन्यांच्या थकलेल्या कर्जांनी. २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत देशातल्या बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जं 'राइट ऑफ' केली. राइट ऑफ म्हणजे माफी नाही, वसुली चालू राहते, हे बँका सांगतात आणि ते बरोबर आहे. फक्त वसुली किती होते ते त्याच दमात सांगत नाहीत. आणि त्याच बँका नफ्यात आल्या तेव्हा थोडी भर आपणही घातली: किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सुमारे साडेआठ हजार कोटी दंड घेतला. तो लाभांशात मिसळून अर्थमंत्र्यांच्या हातात गेला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. २०२५ मध्ये बँक ऑफ इंडियासह बऱ्याच सरकारी बँकांनी हा दंड बंद केला, ते बरं झालं.

वाचवायचं कोणाला, हाही प्रश्नच. आपल्याच जिल्ह्यातली पेण अर्बन बँक २०१० मध्ये कोसळली. तिच्यासाठी कोणी बाँड काढले नाहीत. ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. तेव्हा ठेवीवर विमा होता एक लाखाचा. पीएमसी बँक अडकल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. तुमच्या घरात कोणाचे पतपेढीत पैसे असतील तर एवढं तपासा: हा विमा बँकेतल्या ठेवींना असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना नसतो. नावात 'बँक' आहे का 'पतसंस्था', ते पावतीवर लिहिलेलं असतं.

मामाचं दुकान

मामाचं उदाहरण उगाच घेतलं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, त्यामुळे आपल्या दुकानाबद्दल रडायलाही लोकांना लाज वाटत होती. पाणी उतरल्यावर मी आणि मामेभाऊ चार दिवस चिखल उपसत होतो. सिमेंटच्या गोण्यांचे दगड झाले होते, रंगाचे डबे कुठल्या गल्लीत गेले पत्ता नाही.

राज्य सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या प्रमाणात जास्तीत जास्त ५०,००० रुपये मदत जाहीर केली. टपरीवाल्यांना १०,०००. मामाचं नुकसान त्याच्या कितीतरी पट होतं. त्याच्या बँकेने (नाव सांगत नाही, मॅनेजर भला माणूस होता) हप्ते काही महिने पुढे ढकलले आणि सात वर्षांचं नवं कर्ज दिलं. पुढे ढकललेल्या महिन्यांचं व्याज मात्र मुद्दलात चढलं. मामाला ते कळलं जेव्हा मी ॲपमधलं स्टेटमेंट उघडून दाखवलं तेव्हा. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे थांबले ते हप्ते, व्याज नव्हे."

मामाला कोणी भागीदार म्हणून पैसे दिले नाहीत. दिले असते तर तोटा झाला तेव्हा भागीदाराचाही झाला असता, आणि दुकान उभं राहिल्यावर त्याला वाटा मिळाला असता. बँकांना नेमकं हेच मिळालं: व्याज न मागणारं भांडवल, थांबायला तयार असलेला मालक. म्हणूनच त्या उभ्या राहिल्या. मला बँकांना मदत झाल्याचा राग नाही. मामाला ती मदत कर्जाच्या रूपात मिळाली आणि बँकेला भांडवलाच्या, एवढा फरक मात्र डोक्यातून जात नाही.

तुम्हाला स्वतः हिशेब ठेवायचा असेल तर शीट्समध्ये एका कॉलमला तारीख आणि दुसऱ्याला रक्कम टाका. घातलेली रक्कम उणे, मिळालेली अधिक, शेवटच्या ओळीत उरलेल्या शेअरची आजची किंमत. मग 'एक्सआयआरआर' हे फॉर्म्युलाचं नाव शोधून त्या दोन कॉलमवर लावा. वर्षाचा खरा परतावा टक्क्यांत येईल. सरकारचा हिस्सा किती ते शेअर बाजाराच्या वेबसाईटवर दर तिमाहीला मिळतं, लाभांश मे-जूनमध्ये जाहीर होतो. उत्तर साडेसातच्या वर आलं तर सरकार कमावतंय, खाली आलं तर फरक आपण भरतोय.

मी ही शीट मामाला दाखवली. त्याला बँकांच्या आकड्यांत रस नव्हता. त्याने खाली एक नवीन टॅब उघडायला लावला आणि स्वतःचं कर्ज टाकायला सांगितलं. शेवटचा हप्ता २०२८ मध्ये येतोय, सरकारच्या पहिल्या बाँडच्याच वर्षी.